नेताजी गेले, तेव्हा स्वराज्याची फौज कशी सावरली?

१/
जानेवारी १६६६. पन्हाळ्यावर शिवाजी महाराजांनी केलेला हल्ला फसला आणि सुमारे एक हजार माणसे कामी आली. या अपयशापाठोपाठ त्याहून मोठा घाव बसला. ज्यांना लोक ‘प्रतिशिवाजी’ म्हणत, ते स्वराज्याचे सरनोबत नेताजी पालकर महाराजांना सोडून गेले. नेताजी का गेले, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्यामागे उरलेल्या फौजेने पुढे काय केले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
क्रिकेटच्या संघातून हुकमी फलंदाज अचानक गेला की कर्णधारापुढे दोन वाटा असतात. त्याच्यासारखाच दुसरा फलंदाज शोधायचा, किंवा धावांचा भार अनेकांवर वाटून डावाची आखणीच बदलायची. पहिली वाट सोपी दिसते; पण तसा दुसरा फलंदाज बहुधा मिळत नाही. दुसऱ्या वाटेला वेळ लागतो आणि मधल्या काळात पराभव सोसावे लागतात. १६६६ ते १६७४ या आठ वर्षांत स्वराज्याच्या फौजेने या दोन्ही वाटांचा अनुभव घेतला.

३/
आधी नेताजींचा मुलूख पाहू. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेलहून खोपोलीकडे जाताना खालापूर तालुक्यात चौक हे गाव लागते. येथूनच कर्जतकडे फाटा जातो. नेताजींचे जन्मगाव म्हणून चौक ओळखले जाते. उत्तरेला इर्शाळगड आणि त्यामागे प्रबळगड, दक्षिणेला माणिकगड, पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत आणि तीतून उतरणाऱ्या घाटवाटा. कल्याणचे बंदर आणि पुण्याचा देश यांना जोडणाऱ्या वाटा याच पट्ट्यातून जातात. म्हणून सतराव्या शतकात हा भाग क्वचितच शांत राहिला.

४/
या भूगोलाचा युद्धात कसा उपयोग होतो, याचा उत्तम दाखला खालापूर तालुक्यातच आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी आजच्या चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची मोठी फौज कोंडली. घाट उतरून दाट रानात अडकलेल्या त्या फौजेला पुढे जाता येईना आणि मागेही फिरता येईना. अखेरीस खानाला शरण यावे लागले. डोंगरात शत्रूला अडवावे, थकवावे आणि वाकवावे, ही या सैन्याची एक बाजू होती.

५/
दुसरी बाजू घाटमाथ्यापलीकडची. देशावरच्या मोकळ्या मैदानात खिंडी नाहीत आणि गर्द रानही नाही. तेथे वेगाने दौडणारे, शत्रूच्या मुलखात खोल शिरून परत येणारे घोडदळच उपयोगी पडते. माणकोजी दहातोंडे यांच्यानंतर या घोडदळाचे सरनोबत झाले ते नेताजी. डोंगरातली लढाई लढणारे सरदार स्वराज्यात अनेक होते. मैदानात महाराजांच्या गैरहजेरीतही मोठी फौज स्वतंत्रपणे फिरवू शकेल, असे नाव मात्र प्रामुख्याने एकच होते.

६/
१६५९ मध्ये याचा प्रत्यय आला. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला. खानाच्या फौजेचा पाडाव करून थांबावे, असा महाराजांचा विचार नव्हता. अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला आणि नेताजींचे घोडदळ आदिलशाही मुलूख मारत विजापूरच्या दिशेने दौडत गेले. एक विजय मिळाला की शत्रू सावरण्याआधी त्याच्या घरापर्यंत पोहोचायचे, ही नेताजींची खासियत होती.

७/
नेताजी अजिंक्य होते असे नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा फोडण्याचा त्यांनी सिद्दी हिलालसह प्रयत्न केला, पण तो निष्फळ ठरला. १६६३ मध्ये मोगल फौजेने पाठलाग करून त्यांना जखमीही केले. तरीही त्यांच्या नावाचा दबदबा ओसरला नाही. ‘प्रतिशिवाजी’ या बिरुदात गौरव होता आणि एक धोकाही होता. सैन्याचा एक संपूर्ण हात एकाच माणसाच्या खांद्यावर तोलला गेला होता.

८/
१६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंग दख्खनेत आला. पुरंदरच्या वेढ्यात मुरारबाजी देशपांडे पडले, तरीही किल्ला लढतच राहिला. अखेर जूनमध्ये तह झाला. चार लाख होन उत्पन्नाच्या मुलखासह २३ किल्ले मोगलांकडे गेले आणि एक लाख होनांचा मुलूख व १२ किल्ले महाराजांकडे राहिले. दिलेल्या किल्ल्यांत मुरंजन म्हणजे आजचा प्रबळगड, माणिकगड, कर्नाळा, माहुली, तसेच घाटमाथ्यावरचे लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना होते. कर्जत-खालापूरचा सारा पट्टा आता मोगली किल्ल्यांनी वेढला गेला. नेताजींच्या गावावरून दिसणाऱ्या गडांवरही मोगल ठाणी बसली.

९/
तहानुसार विजापूरच्या मोहिमेत महाराजांना जयसिंगाची साथ करावी लागली. नोव्हेंबर १६६५ मध्ये मोहीम निघाली. दोन हजार स्वार आणि सात हजार पायदळ मराठ्यांकडून होते. फलटण, ताथवडा, मंगळवेढे ही ठाणी घेण्यात नेताजी आघाडीवर होते. ज्या घोडदळाने मोगलांना हैराण केले होते, त्याचा नायक आता जयसिंग आपल्याच छावणीतून रोज पाहत होता. या माणसाची किंमत त्याच्या ध्यानी आली नसती, तरच नवल.

१०/
विजापूर पडले नाही. जानेवारी १६६६ च्या आरंभी जयसिंगाला माघार घ्यावी लागली. शत्रूचे लक्ष विभागावे म्हणून महाराजांना पन्हाळ्याकडे पाठवण्यात आले. १६ जानेवारीचा तो हल्ला फसला. नेताजी आपल्या तुकडीसह वेळेवर पोहोचले नाहीत. १६९० च्या दशकात लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीनुसार, वेळेवर का आला नाहीस, असा जाब महाराजांनी विचारला आणि त्यांना पदावरून दूर केले. नेताजी तेथून विजापूरकरांना जाऊन मिळाले.

११/
जयसिंगाला धास्ती वाटली ती पुढच्या शक्यतेची. नेताजींमागोमाग महाराजही विजापूरला मिळाले तर दख्खनेतली मोगल फौज कात्रीत सापडली असती. त्याने दोन्ही बाजूंनी हालचाल केली. महाराजांना बादशहाच्या भेटीस पाठवण्याचा घाट घातला. ५ मार्च १६६६ रोजी महाराज राजगडाहून आग्र्यास निघाले. दुसरीकडे नेताजींशी बोलणी करून त्याच महिन्यात पंचहजारी मनसब, जहागीर आणि रोख रक्कम देऊन त्यांना मोगलांकडे वळवले. तेवीस किल्ले गेलेले, राजा परमुलखात आणि सर्वांत नामांकित सेनानी शत्रूच्या छावणीत. स्वराज्याची अवस्था यापूर्वी इतकी बिकट क्वचितच झाली असेल.

१२/
नेताजींचे जाणे हा महाराजांनीच आखलेला गुप्त डाव होता, असेही एक मत मांडले जाते. कल्पना आकर्षक आहे, पण तिला थेट पुरावा नाही. शिवाय पुढची दहा वर्षे नेताजींनी जे भोगले ते पाहता, डाव म्हणून ही किंमत अवाढव्य ठरते. साधे स्पष्टीकरण अधिक पटते. दीर्घकाळ नाव कमावलेला सेनानी, एक जीवघेणा विलंब, संतापलेला राजा आणि दारात उभा असलेला चतुर शत्रू.

१३/
आता मूळ प्रश्न. नेताजी जाताना सोबत काय नेऊ शकत होते? त्या काळी एखादा मोठा सरदार फुटला की त्याची फौज, घोडी, जहागीर आणि किल्ले त्याच्यासोबत जात. कारण ते सारे त्याच्याच मालकीचे असे. आदिलशाही आणि मोगलाईत हेच चित्र वारंवार दिसते. स्वराज्याच्या लष्कराची बांधणी मात्र निराळी होती आणि नेमक्या या घडीला तिचा उपयोग झाला.

१४/
स्वराज्याच्या घोडदळाचा कणा म्हणजे पागा. पागेतील बारगिराचे घोडे आणि हत्यार सरकारी असे. स्वतःचे घोडे आणणारे शिलेदारही होते, पण त्यांच्यावरही सरनोबताचा हुकूम चाले. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. लष्करी चाकरीबद्दल मुलूख तोडून देण्याऐवजी वेतन ठरवून दिले जाई. सरनोबत गेला तरी त्याच्याखालची साखळी जागेवर राहत होती.

१५/
किल्ल्यांचेही तसेच. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत आणि कोठाराचा हिशेब कारखानीस पाही. हे अधिकारी मुद्दाम वेगवेगळ्या समाजांतून नेमले जात. कोणा एकाच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हाती देता येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. नेताजींबरोबर अनुभव गेला, दरारा गेला, शत्रूच्या मुलखाची नजरेत भरलेली माहिती गेली. ही हानी मोठी होती. फौजेचा सांगाडा मात्र मोडला नाही.

१६/
रिकाम्या जागी कुडतोजी गुजर आले. महाराजांनी त्यांना सरनोबत केले आणि ‘प्रतापराव’ हा किताब दिला. वरवर पाहता ही पहिली वाट होती. एक शूर घोडेस्वार गेला, त्याच्या जागी दुसरा आला. पण पुढच्या काही वर्षांत प्रतापरावांना ज्या रीतीने वापरले गेले, त्यात फरक दिसतो.

१७/
दरम्यान १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले. त्याची शिक्षा नेताजींना मिळाली. हाही पळून जाईल, या संशयाने औरंगजेबाने अटकेचे फर्मान काढले. ऑक्टोबर १६६६ मध्ये नेताजी कैद झाले आणि त्यांना उत्तरेत नेण्यात आले. १६६७ च्या पूर्वार्धात त्यांना धर्मांतर करावे लागले, ‘मुहम्मद कुली’ हे नाव मिळाले आणि रवानगी झाली काबूलच्या मोहिमेवर. वाटेत पळण्याचा प्रयत्न फसला. कोकणच्या घाटांत वाढलेला सेनानी आता अफगाण डोंगरांत बादशहाची चाकरी करू लागला.

१८/
महाराजांनी परतल्यावर सूड म्हणून लगेच मोहीम काढली नाही. मोगलांशी सलोखा केला. शंभूराजांना पंचहजारी मनसब मिळाली आणि त्यापोटी वऱ्हाडात जहागीर. शंभूराजांच्या पथकासह प्रतापराव औरंगाबादेस शाहजादा मुअज्जमच्या छावणीत राहिले. फौजेचा काही खर्च अशा रीतीने मोगली मुलखाच्या उत्पन्नातून भागत होता. १६६९ च्या अखेरपर्यंतचा हा काळ इतिहासात शांत दिसतो. प्रत्यक्षात तो पुढच्या डावाची तयारी करण्याचा काळ होता.

१९/
१६७० मध्ये तो डाव उघड झाला आणि त्यात एकच नायक नव्हता. ४ फेब्रुवारीला कोंढाणा तानाजी मालुसऱ्यांनी चढला. ते पडल्यावर त्यांचे बंधू सूर्याजी यांनी लढाई तडीस नेली. ८ मार्चला पुरंदर निळोपंत मुजुमदारांनी घेतला. जूनमध्ये माहुली, कर्नाळा, रोहिडा परत आले. वेगवेगळे सरदार, वेगवेगळी ठाणी आणि एकामागोमाग एक घाव. मोगलांनी कोणा एकाला अडवून हा डाव थांबण्यासारखा नव्हता.

२०/
नेताजींच्या मुलखातही याच वर्षी पारडे फिरले. मुरंजन उर्फ प्रबळगडावर मोगलांचा किल्लेदार होता केसरसिंग हाडा. तो शर्थीने लढून पडला आणि गड स्वराज्यात आला. आजूबाजूच्या डोंगरांवरचा मोगली अंमल ढिला पडत गेला. ज्या पट्ट्याने ‘प्रतिशिवाजी’ दिला, तो त्यांच्याशिवाय परत मिळवला गेला.

२१/
मैदानी युद्धातला बदल अधिक महत्त्वाचा. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना वणी-दिंडोरीला दाऊदखानाशी गाठ पडली आणि मराठा फौज उघड्या रणात टिकली. पुढे १६७२ च्या आरंभी साल्हेरला कळस झाला. किल्ल्याला वेढा घालून बसलेल्या इखलासखानावर एका बाजूने प्रतापरावांचे घोडदळ आणि दुसऱ्या बाजूने मोरोपंत पिंगळ्यांची फौज चालून आली. सूर्याजी काकडे पडले, तरी लढाई थांबली नाही. इखलासखान कैद झाला. सहा वर्षांपूर्वी पन्हाळ्याला जी तुकडी वेळेवर पोहोचली नव्हती, तिची आठवण येथे होते. साल्हेरला दोन्ही फौजा वेळेवर पोहोचल्या.

२२/
पण जुनी सवय पुरती सुटत नाही. एप्रिल १६७३ मध्ये उमराणीला प्रतापरावांनी बहलोलखानाचे पाणी तोडून त्याला जेरीस आणले आणि मग अभय देऊन सोडून दिले. खान पुन्हा चालून आला. महाराजांचा रोष प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ ते, परंपरेनुसार अवघ्या सहा साथीदारांसह, शत्रूच्या फौजेवर तुटून पडले आणि ठार झाले. या बलिदानाचा गौरव करताना एक गोष्ट विसरू नये. त्या दिवशी सरनोबताने फौज मागे ठेवली आणि लढाई स्वतःपुरती केली. आठ वर्षांत दुसऱ्यांदा स्वराज्याने आपला सरनोबत गमावला, आणि दोन्ही वेळा मुळाशी राजाच्या रागाने दुखावलेला मानी सेनानी होता.

२३/
या वेळी काय झाले? फौज विखुरली नाही. प्रतापरावांचे सहकारी आनंदराव यांनी तिला सावरले, आदिलशाही मुलखात घुसवले आणि मार्च संपण्याआधी संपगावच्या भागात खिजरखानाचा पराभव केला. महाराजांनी एप्रिलमध्ये हंसाजी मोहिते यांना ‘हंबीरराव’ किताब देऊन सरनोबत नेमले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा नवे सरनोबत आपल्या जागी होते.

२४/
दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की अंतर दिसते. १६६६ नंतर पुन्हा आक्रमक होण्यास चार वर्षे लागली. १६७४ नंतर एक महिनाही लागला नाही. ही तुलना सरळसोट करता येत नाही, हेही खरे. १६६६ मध्ये तहाचे ओझे होते, आग्र्याची कैद होती, किल्ले गेलेले होते. तरी आनंदरावांसारखा दुसऱ्या फळीचा माणूस फौज उभी करतो, हे साधन १६६६ च्या अनुभवानंतरच्या वर्षांत घडत गेले. तानाजींनंतर सूर्याजी, प्रतापरावांनंतर आनंदराव. माणूस पडला की त्याच्या मागचा पुढे येतो, ही रीत सैन्याच्या अंगवळणी पडली होती.

२५/
आणि नेताजी? १६७६ मध्ये ते दिलेरखानाबरोबर पुन्हा दख्खनेत आले. दहा वर्षांनंतर सह्याद्री दिसताच त्यांनी मोगल छावणी सोडली आणि रायगड गाठला. त्याच वर्षी जूनमध्ये विधिपूर्वक शुद्धी करून त्यांना स्वधर्मात घेतले गेले. ज्याने एकदा साथ सोडली होती, त्याच्यासाठी महाराजांनी दार बंद केले नाही. त्या काळच्या समाजात हा निर्णय सोपा नव्हता.

२६/
सरनोबतपद मात्र नेताजींना परत मिळाले नाही. ते हंबीररावांकडेच राहिले. त्यानंतर महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा घोडदळाची धुरा हंबीररावांकडे होती. परत आलेल्या नायकाचा मान राखता आला आणि फौजेची घडीही विस्कटली नाही. १६६६ मध्ये या सैन्याला एका माणसाच्या जाण्याने हादरा बसला होता. १६७६ मध्ये त्याच माणसाच्या परतण्याने त्याला फक्त आनंद झाला असेल, आधार वाटण्याची गरज उरली नव्हती.